आता आलंच! : १९६८चा मोसम आणि मुंबई बंदरातली गाड्यांची बोट

आजचा भाग मी अलिबागच्या घरी, माडीवरच्या खोलीत बसून रेकॉर्ड केलाय. त्यामुळे मधूनमधून समुद्राचा आवाज येईल, खालून कुकरची शिट्टीही ऐकू येईल. तेवढं सांभाळून घ्या. आणि जे ऐकण्याऐवजी वाचतायत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोलण्यातले अडखळे काढून, बाकी जसंच्या तसं खाली देतोय.

आजची गोष्ट मोटारींच्या शर्यतीची आहे. म्हणाल, अलिबागात बसून मोटारींची शर्यत? आपल्याकडे शर्यत म्हटलं की ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर धावणाऱ्या बैलगाड्या. गाडी म्हटलं की आठवतात ते वाळूत रुतलेल्या एसयूव्हीवाले पर्यटक, आणि भरती यायच्या आत ती ओढून काढायला बोलावलेला ट्रॅक्टर. पण थांबा. जगातल्या सगळ्यात अवघड शर्यतींपैकी एक शर्यत आपल्या दारावरून गेली आहे, खरं तर आपल्या समुद्रावरून. तिच्यात एक असा माणूस होता, ज्यानं जेमतेम दोन महिन्यांपूर्वी फ्रान्समध्ये चोवीस तासांची शर्यत जिंकली होती.

ही गोष्ट मला सापडली ती आजोबांमुळे.

माझे आजोबा मुंबईच्या गोदीत कामाला होते. आठवड्याची सुट्टी मिळाली की भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडायची आणि घरी यायचं, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं. गोदीच्या गोष्टी त्यांच्याकडे पोतं भरून होत्या. त्यातली एक ते नेहमी सांगायचे, "अरं, बोटीन गाऱ्या भरत व्हते. सगल्या धुलीनं माखलेल्या. दिवे फुटलेले. आनि गोरे लोक त्यांच्याकरं बघत उभे, जशी काय पोरं सासरी चाललीत." आम्ही पोरं हसायचो. नव्या कोऱ्या गाड्या बोटीनं येतात हे माहीत होतं. पण फुटक्या, चिखलानं भरलेल्या गाड्या कोण कशाला बोटीनं पाठवेल? आजोबा काहीतरी वाढवून सांगतायत, असंच आम्हाला वाटायचं.

आजोबा गेले. आणि त्यानंतर कधीतरी रात्री मोबाइलवर जुन्या शर्यतींबद्दल वाचताना एक ओळ दिसली : डिसेंबर १९६८, मुंबई बंदर, 'चुसान' नावाचं जहाज, ७२ गाड्या. मी उठून बसलो. म्हातारा खरं सांगत होता!

तर मंडळी, ती बोट नेमकी कसली होती ते सांगतो. त्यासाठी आधी त्या वर्षाच्या सुरुवातीला जाऊ.

एन्ड्युरन्स रेसिंग म्हणजे काय, हे थोडक्यात. फॉर्म्युला वन तुम्हाला माहीत आहे : एक ड्रायव्हर, एक गाडी, दीड-दोन तास. एन्ड्युरन्समध्ये शर्यत सहा तास, बारा तास, नाहीतर अख्खे चोवीस तास चालते, किंवा हजार किलोमीटरची असते. गाडी एकच, पण ती दोघं-तिघं आळीपाळीनं चालवतात. एक दमला की पिटमध्ये येतो, दुसरा बसतो. पेट्रोल भरा, टायर बदला, ब्रेक बघा, पुन्हा पळा. इथे सगळ्यात वेगवान गाडी जिंकतेच असं नाही. शेवटपर्यंत न मोडता जी धावते, ती जिंकते. आपल्या कोळी बांधवांना हे समजावून सांगायला नको. जाळ्यात किती मासळी आली याला अर्थ कधी? होडी किनाऱ्याला लागली की.

१९६८मध्ये या शर्यतींच्या जागतिक मालिकेत दहा शर्यती होत्या. त्या वर्षी नियम बदलले होते. आधीची दोन वर्षं फोर्ड कंपनीनं सात लिटरची प्रचंड इंजिनं आणून सगळ्यांना लोळवलं होतं. मग नियम आला की खास शर्यतीसाठी बनवलेल्या गाडीला तीन लिटरच्या वर इंजिन नाही. मात्र किमान पन्नास नग तयार केलेली स्पोर्ट्स कार असेल, तर पाच लिटरपर्यंत चालेल. या बदलावर नाराज होऊन फेरारीनं त्या मोसमात भागच घेतला नाही. फोर्डचा कारखानाही अधिकृतपणे बाहेर पडला. पण जॉन वायर नावाच्या इंग्रज संघप्रमुखानं फोर्डची जुनी जीटी-४० पाच लिटरच्या नियमात बसवली, तिला फिकट निळा आणि केशरी रंग दिला आणि मैदानात उतरवली. समोर होती पोर्श. तिच्या गाड्या हलक्या, नव्या, चपळ.

जुनी दणकट गाडी विरुद्ध नवी चपळ गाडी. मोसम रंगला नसता तरच नवल!

फेब्रुवारीत डेटोनाचे चोवीस तास पोर्शनं जिंकले. मार्चमध्ये सेब्रिंगचे बारा तासही पोर्शचे. एप्रिलमध्ये ब्रँड्स हॅच आणि मोंझा फोर्डनं घेतल्या. मे महिन्यात सिसिलीच्या डोंगरातली टार्गा फ्लोरिओ आणि जर्मनीतली नुर्बुर्गरिंग पोर्शकडे गेल्या, लगेच बेल्जियमची स्पा फोर्डकडे. जुलैत अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनला फोर्ड, ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात झेल्टवेगला पोर्श. नऊ शर्यती झाल्या : पोर्श पाच, फोर्ड चार. आणि एक शर्यत बाकी होती, सगळ्यांत मोठी. फ्रान्समधली ल माँ, चोवीस तास.

खरं तर ल माँ दरवर्षी जूनमध्ये होते. पण १९६८च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, कामगारांनी संप केला, सगळा देश थांबला. शर्यत पुढे ढकलली गेली ती थेट २८ आणि २९ सप्टेंबरला. यात एक मेख होती. जूनमध्ये तिकडे रात्र छोटी असते. सप्टेंबरअखेरीस दिवस-रात्र जवळपास सारखे. म्हणजे ड्रायव्हरांना निम्मी शर्यत अंधारात काढायची होती.

आणि आता आपला माणूस येतो. ल्यूसियाँ बियांकी. जन्म १९३४, इटलीतल्या मिलानचा. वडील मोटारींच्या शर्यतीत मेकॅनिक. कुटुंब बेल्जियमला गेलं आणि पोरगा तिथेच मोठा झाला. १९६२मध्ये त्यानं सेब्रिंगचे बारा तास जिंकले होते. त्याच्या आदल्या वर्षी सिट्रोएन गाडी घेऊन लिएजहून सोफियाला जाऊन परत येण्याची, हाडं खिळखिळी करणारी रॅली जिंकली होती. १९६८च्या मोनॅको ग्रांप्रीत तो तिसरा आला. म्हणजे ट्रॅक असो की डोंगरातला कच्चा रस्ता, या माणसाला दोन्ही जमायचं. तरी तो पहिल्या फळीतला तारा नव्हता. जॉन वायरच्या संघाचा हुकमी एक्का होता जॅकी इक्स. पण ल माँच्या आठवडाभर आधी कॅनडात सराव करताना इक्सचा पाय मोडला. ब्रायन रेडमन त्याआधीच स्पाला जखमी झाला होता. तेव्हा नऊ नंबरच्या जीटी-४०मध्ये बसले मेक्सिकोचा पेद्रो रॉड्रिगेझ आणि आपला बियांकी.

ही शर्यत सुरू झाली तीच वाईट झाली. तेव्हाची पद्धत अशी होती : गाड्या एका बाजूला तिरप्या उभ्या, ड्रायव्हर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. झेंडा पडला की धावत जायचं, उडी मारून आत बसायचं आणि निघायचं. पट्टा बांधायला वेळ कोण घालवणार? विली मेरेस नावाच्या बेल्जियन ड्रायव्हरचं घाईत दारच नीट लागलं नाही. पहिल्याच फेरीत, लांबलचक सरळ रस्त्यावर, पूर्ण वेगात दार उघडलं आणि गाडी गेली. तो वाचला, पण त्यानंतर पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही.

रात्र गेली. एकेक पोर्श बिघडत गेली आणि जुनी फोर्ड तशीच धावत राहिली. रविवारी, शर्यत संपत येत असताना, आणखी एक गाडी ठोकली आणि पेटली. ती होती अल्पिन, आणि चालवत होता माउरो बियांकी. ल्यूसियाँचा सख्खा भाऊ. माउरो वाईट भाजला. त्याची कारकीर्द तिथेच संपली.

काही तासांनी ल्यूसियाँ आणि रॉड्रिगेझनं शर्यत जिंकली. ३३१ फेऱ्या, ४,४५२ किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी अंतराहून जास्त, तेही एका दिवस-रात्रीत. दुसऱ्या क्रमांकाची पोर्श पाच फेऱ्या मागे होती. हिशोब पाच-पाच झाला आणि गुणांवर अजिंक्यपद फोर्डला मिळालं. एक भाऊ विजेता, एक भाऊ इस्पितळात, एकाच दुपारी. त्या घरात तो विजय कसा साजरा झाला असेल, याचा विचार मी अनेकदा केलाय.

आता इथे कुणी म्हणेल, बास झालं, वर्षभर पुरे. पण बियांकी आठ आठवड्यांत पुन्हा गाडीत होता. या वेळी लंडनला. आणि इथून गोष्ट आपल्याकडे वळते.

झालं असं होतं की नोव्हेंबर १९६७मध्ये ब्रिटननं पौंडाचं अवमूल्यन केलं होतं. देशाचा मूड पडलेला. 'डेली एक्स्प्रेस' या वर्तमानपत्राच्या मालकांना वाटलं, लोकांना चेव येईल असं काहीतरी भव्य करू, ब्रिटिश गाड्यांचीही जाहिरात होईल. त्यातून निघाली लंडन ते सिडनी मॅरेथॉन. जवळपास दहा हजार मैल, म्हणजे सोळा हजार किलोमीटर. पहिलं बक्षीस दहा हजार पौंड. नकाशा बघा : लंडन, पॅरिस, इटली, युगोस्लाव्हिया, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली आणि मुंबई. तिथून बोटीनं ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा, आणि मग वाळवंट ओलांडून सिडनी. आज हा मार्ग नुसता उच्चारला तरी व्हिसाच्या फायली डोळ्यांपुढे येतात. पण तेव्हा लंडनहून मुंबईपर्यंत गाडी हाकत येता येत होतं.

२४ नोव्हेंबर १९६८ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ गाड्या निघाल्या. लक्षात घ्या, या काही ल माँसारख्या ठेंगण्या स्पोर्ट्स कार नव्हत्या. बहुतेक घरगुती गाड्याच, थोड्या मजबूत केलेल्या. आणि बंद ट्रॅकही नव्हता. तोच रस्ता, ज्यावर ट्रक, उंट, बैलगाड्या आणि शाळेतली पोरं. ठरावीक वेळेत पुढचं ठाणं गाठायचं, उशीर झाला की मिनिटागणिक दंड. बियांकी आणि त्याचा जोडीदार ज्याँ-क्लोद ओजिए यांच्याकडे सिट्रोएन डीएस-२१ होती. तिला लोखंडी स्प्रिंगऐवजी तेल आणि वायूवर चालणारं सस्पेन्शन. खड्ड्यातून जाताना गाडी झोपाळ्यासारखी तरंगायची. आपल्या जिल्ह्यात आज विकली तर रांगा लागतील, असो.

तुर्कस्तानच्या डोंगरात रॉजर क्लार्क नावाच्या इंग्रजानं लोटस कॉर्टिना अशी काही पळवली की तो सगळ्यांच्या पुढे गेला. इराण झालं, अफगाणिस्तानचे घाट झाले, पाकिस्तान झालं. भारतात शिरल्यावर वेगळंच संकट : माणसं! गाड्या बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोबा गर्दी, मधोमध गाडीपुरती फट. सात हजार मैलांनंतर मुंबई आली तेव्हा क्लार्क पहिला, सिमो लाम्पिनेनची फोर्ड दुसरी, आणि बियांकी-ओजिएची सिट्रोएन तिसरी.

९८पैकी ७२ गाड्या पी अँड ओ कंपनीच्या 'चुसान' जहाजावर चढल्या. युरोप आणि आशियाची धूळ अंगावर घेऊन, दिवे फुटलेल्या, पत्रे चेपलेल्या. आजोबांनी पाहिल्या त्या या. ५ डिसेंबरला बोट सुटली. मुंबई बंदरातून बाहेर पडणारी बोट डावीकडे मांडवा, मग थळ आणि खांदेरी-उंदेरी ठेवून खुल्या समुद्राला लागते. तेव्हा आपला जिल्हा रायगड नव्हता, कुलाबा होता. नाव बदललं १९८१ साली. तर त्या कुलाब्याच्या किनाऱ्यासमोरून ल माँचा विजेता ऑस्ट्रेलियाला गेला. किनाऱ्यावरच्या कुणाला ते कळायचं काही कारणच नव्हतं. आपल्यासाठी ती आणखी एक बोट होती.

बोटीवर आठ-नऊ दिवस सक्तीची विश्रांती. १३ डिसेंबरला फ्रीमँटल बंदर. तिथून पुढे ऑस्ट्रेलिया : तीन दिवस, तीन रात्री, जवळपास न थांबता. आणि आठवड्याभरात सगळं चित्र उलटंपालटं झालं. पहिल्या क्रमांकावरच्या क्लार्कच्या इंजिनाचा पिस्टन गेला. दुसऱ्या फोर्डचे भाग काढून तो बसवला, तर मागचा डिफरन्शियल गेला. रस्त्याकडेला एक कॉर्टिना उभी दिसली. हा तिच्या मालकाच्या मागे लागला, त्याचा मागचा अ‍ॅक्सल विकत घेतला आणि स्वतःच्या गाडीला लावला. यात ८० मिनिटं गेली आणि पहिला नंबरही. दुसऱ्या क्रमांकावरची गाडी कुंपणाच्या खांबावर आदळली. आता सगळ्यांच्या पुढे बियांकी आणि ओजिए. मागे अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर आणि पॅडी हॉपकर्कची ऑस्टिन.

१७ डिसेंबर. नौरा नावाचं गाव जवळ आलं होतं. सिडनी तिथून शंभर मैलांच्या आत. दहा हजार मैलांतले शंभर मैल राहिले होते! म्हणजे अलिबागहून पुण्याला जायचं तेवढंच. अवघड भाग संपला होता. ओजिए चालवत होता, बियांकी शेजारच्या सीटवर झोपला होता. आणि समोरून एक मिनी गाडी आली. समोरासमोर टक्कर.

सिट्रोएनचा पुढचा भाग चेपला. दोघेही जखमी, गाडीत अडकलेले. सगळ्यात आधी तिथे पोचला पॅडी हॉपकर्क. त्याला सिडनी दिसत होतं. तो जोरात गेला असता तर कदाचित शर्यत त्याची झाली असती. त्यानं गाडी थांबवली. जखमींकडे धावला, पेटलेल्या गाडीची आग विझवायला लागला. मागून कोवन आला, त्यानं वेग कमी केला, पण त्याला हातानं खूण झाली की इकडे सगळं बघतोय, तू जा. कोवन गेला आणि जिंकला. हॉपकर्क दुसरा आला.

या कोवनची एक गंमत सांगतात. निघण्याआधी त्यानं कंपनीकडे मागणी काय केली होती? शेवटचा नंबर येईल अशी गाडी द्या! त्याचा हिशोब होता की सिडनीला पाच-सहा गाड्याच पोचतील, तेव्हा शेवटचा येणाराही मोठा माणूस ठरेल. प्रत्यक्षात पन्नासच्या वर गाड्या पोचल्या. पण जी गाडी फक्त पोचण्यासाठी बनवली होती, ती पहिली आली.

बियांकी बरा झाला. आणि पुन्हा गाडीत बसला. ३० मार्च १९६९, ल माँचाच ट्रॅक, जूनच्या शर्यतीआधीची चाचणी. गाडी अल्फा रोमिओ. सरळ रस्त्यावर गाडीवरचा ताबा गेला, ती खांबावर आदळली. बियांकी जागीच गेला. वय ३४.

अडीच महिन्यांनी तिथेच शर्यत झाली. पाय बरा झालेला जॅकी इक्स परत आला होता. झेंडा पडला, सगळे धावले. इक्स मात्र चालत गेला. आरामात. बसला, दार लावलं, पट्टा नीट बांधला आणि सगळ्यांत शेवटी निघाला. त्याचा निषेध होता हा, त्या धावत जाण्याच्या पद्धतीला. त्याच दिवशी पहिल्याच फेरीत, पट्टा न बांधता निघालेला जॉन वूल्फ नावाचा ड्रायव्हर मेला. आणि चोवीस तासांनी जिंकलं कोण? शेवटी निघालेला इक्स. दुसऱ्यापेक्षा साधारण १२० मीटर पुढे. आणि गाडी कुठली? तीच. रॉड्रिगेझ आणि बियांकीनं आदल्या वर्षी जिंकलेली तीच जीटी-४०, तोच सांगाडा. धावत सुटायची ती पद्धत त्यानंतर ल माँमध्ये राहिली नाही.

मंडळी, हे सगळं मी का सांगतोय? आता माझं सांगतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सावंतवाडीला लग्न होतं. रात्री नऊला परत निघालो. मी चालवत होतो, मामेभाऊ शेजारी. कणकवली, राजापूर, चिपळूण, महाड. अधेमधे चहा. महाडनंतर त्याला म्हटलं, तू झोप, मी आहे. तो झोपला. शेजारच्या सीटवर माणूस झोपतो तेव्हा तो आपला जीव आपल्या हातात देऊन झोपतो, हे तेव्हा डोक्यात नव्हतं. माणगाव गेलं, कोलाड गेलं, नागोठणं मागे पडलं. पहाटेचे साडेचार. मनात एकच वाक्य : आता आलंच. वडखळ नाका आला की डावीकडे वळायचं, पोयनाड, कार्लेखिंड, घर. आता काय, आलंच.

आणि वडखळच्या अलीकडे माझा डोळा लागला.

किती वेळ, माहीत नाही. दोन सेकंद, तीन सेकंद. समोरून येणाऱ्या एसटीचा भोंगा कानात शिरला तेव्हा गाडीची डावी चाकं मातीत होती. मी स्टिअरिंग सावरलं. एसटी निघून गेली. भाऊ जागासुद्धा झाला नाही. पुढे पेट्रोल पंपावर गाडी उभी केली, तोंडावर पाणी मारलं आणि हात थांबेपर्यंत तिथेच बसून राहिलो. घरी पोचल्यावर त्यानं विचारलं, "काय रे, थांबलेलास का मध्ये?" मी म्हटलं, "हो, हवा बघितली." तो हा भाग ऐकेल. दादा, हवा नव्हती बघितली.

नौराला नेमकं काय झालं, ओजिए दमला होता का, चूक कुणाची, यावर मी बोलणार नाही. पण 'आता आलंच' हे वाक्य किती धोक्याचं आहे, ते मला या गोष्टीनं शिकवलं. राहिलेलं अंतर कमी झालं म्हणून रस्ता सोपा होत नाही. दहा हजार मैलांतला शेवटचा शंभरावा मैल पहिल्या मैलाइतकाच लांब असतो, आणि आपण मात्र पहिल्या मैलाला होतो तेवढे ताजे नसतो.

शर्यतवाल्यांना हे कळायला माणसं गमवावी लागली. आज ल माँमध्ये एका गाडीला तीन ड्रायव्हर असतात. कुठल्याही सहा तासांत एका ड्रायव्हरनं चार तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, आणि चोवीस तासांत एकूण चौदा तासांच्या वर नाही. कितीही मोठा खेळाडू असो. २०१२मध्ये करुण चंढोक ल माँला उतरणारा पहिला भारतीय ठरला आणि त्याची गाडी सहावी आली, तेव्हा त्याच्याही गाडीत आणखी दोघं होते. म्हणजे जगातले सगळ्यात तयारीचे ड्रायव्हर, ज्यांच्या मागे डॉक्टर आहेत, मेकॅनिक आहेत, ते नियमानं झोपतात. आणि आपण? लग्नात जेवून, दिवसभर नाचून, चारशे किलोमीटर एकटे काढतो आणि वर सांगतो, एका दमात आलो!

गंमत बघा, आपल्याकडे कायदा त्या शर्यतीच्याही आधी आला होता. १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा, जो २०२५पर्यंत लागू होता. व्यावसायिक ड्रायव्हरकडून दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा, असं त्यात होतं. कागदावर होतं. आपल्या महामार्गावर रात्री धाब्यावर एखाद्या ट्रकवाल्याशी बोला, तो किती तास चालवतोय ते विचारा. मग कागद आणि रस्ता यांतलं अंतर कळेल. ट्रकवाल्याला मालक झोपू देत नाही. आपल्याला कोण अडवतं? आपली आपणच लावलेली शर्यत.

आणि हॉपकर्कचं काय? त्या एका दिवसात तीन माणसं आहेत. एक, जो सगळ्यांत पुढे होता आणि पोचला नाही. एक, जो जिंकला. आणि एक, जो थांबला. सिडनीत बक्षीस कोवनला मिळालं, त्याचा तो हक्कच. पण पन्नास-पंचावन्न वर्षांनी ही गोष्ट सांगताना माझा आवाज जिथे बदलतो, ती जागा हॉपकर्कनं ब्रेक दाबला तिथे आहे. आपल्या रस्त्यावर अपघात झाला की गर्दी जमते, त्यात मोबाइल किती वर असतात आणि हात किती पुढे येतात, हे तुम्हीही पाहिलंय.

बियांकी घराण्याचं अजून एक सांगायचं राहिलं. भाजलेला माउरो जगला. त्याचा नातू ज्यूल बियांकी फॉर्म्युला वनमध्ये आला. ५ ऑक्टोबर २०१४ला जपानमध्ये, पावसात, त्याची गाडी ट्रॅकवरून घसरली आणि दुसरी गाडी उचलायला आलेल्या ट्रॅक्टरवर आदळली. नऊ महिने बेशुद्ध राहून १७ जुलै २०१५ला तो गेला. वय २५. आज फॉर्म्युला वनच्या गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर जी कमान दिसते ना, हेलो, ती २०१८पासून सक्तीची झाली. अशा अपघातांनंतरच हे सगळं येतं. आधी कुणीतरी जावं लागतं.

काल संध्याकाळी, हे लिहायच्या आधी, मी थळच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो होतो. अंधार पडला तसे समोर बोटींचे दिवे लागले. मुंबईत शिरणाऱ्या, मुंबईतून निघालेल्या. त्यातल्या एखादीत काय भरलंय, कोण झोपलंय, काही कळत नाही. आजोबांना एकदा कळलं होतं. त्यांनी आम्हाला सांगितलं आणि आम्ही हसलो. त्याबद्दल आज, उशिरा का होईना, माफी मागतो.

आमची आजी अजूनही कुणी निघालं की एकच सांगते, पोचलास की फोन कर. आम्ही चिडायचो. चारशे किलोमीटर असो की अलिबागहून रेवस, तिचं वाक्य तेच. ती "निघालास की फोन कर" म्हणत नाही, "पेणला आलास की कर" म्हणत नाही. पोचलास की. आता कळतं, तिला एन्ड्युरन्स रेसिंग आमच्याआधी समजलं होतं.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी गोदीतल्या, बंदरातल्या, लाँचवरच्या अशा काही जुन्या गोष्टी असतील तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, आणि कृपा करून त्यांना हसू नका. आणि तुमच्यातलं कुणी हा भाग रात्री गाडी चालवताना ऐकत असेल, डोळे जड झाले असतील, तर पुढच्या पंपावर थांबा. भाग कुठे पळून जात नाही, नंतर ऐका.

घरी पोचलात की मेसेज टाका. भेटू पुढच्या भागात.